सासऱ्यांचा मुतखडा आणि मडक्यातली वीज

३ जानेवारी १९७१, रविवार. कर्जत.
संकल्प : चहा बंद. रोज व्यायाम. विज्ञानात काहीतरी करून दाखवणे. शाळेत लॅब असिस्टंट म्हणजे बाटल्या धुणारा, असा समज आहे. मोडायचा.
सासरे श्रीपतराव पोशीरहून आले. मुतखडा. कळ आली की भिंतीला नखं लावतात. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात. सासरे म्हणाले, "पोट फाडून घ्याया मी काय सुरमई हाय?"
चहा घेतला. पाहुणे होते.

५ जानेवारी, मंगळवार.
शाळेच्या रद्दीत एक मासिक सापडलं. रशियात पाण्यात विजेची ठिणगी पाडतात. ठिणगीभोवतीच्या पाण्याची क्षणात वाफ होते, पाण्याला जबर धक्का बसतो, त्या धक्क्याने मूत्राशयातला खडा फुटतो. पोट फाडायला नको!
हे मी करणार. मालनला सांगितलं. म्हणाली, आधी स्वैपाकघरातला बल्ब बदला. बायकोला दूरदृष्टी नाही.

९ जानेवारी, शनिवार.
खोपोलीच्या भंगारातून ट्रान्सफॉर्मर, वीज साठवणारा कंडेन्सर, ट्रकचा स्पार्क प्लग. सगळं स्टेशनपासून घरापर्यंत उचलून आणलं. व्यायामात धरावं.

१० जानेवारी, रविवार. सकाळी ११.
पहिला प्रयोग. लोखंडी बादली नको म्हणून मडकं घेतलं. (किती विचार करतो मी!) तळाशी नदीतला खडा. स्विच दाबला. काही नाही.
११.१० : फ्यूज.
११.४० : धप्प! पाणी थेट छताला. मडक्याचे सात तुकडे. खडा शाबूत.
निष्कर्ष : शक्ती सिद्ध झाली. फक्त दिशा चुकते.
सासरे दारात उभे होते. तुकडे मोजले. मग म्हणाले, "जावईबापू, ह्यात मी कोण? खडा का मडकं?"
मडकं, म्हटलं. शास्त्रज्ञाने सत्य लपवू नये.
जेवले नाहीत.

१३ जानेवारी, बुधवार.
आणखी तीन मडकी. शेजारच्या मोतीबाईंनी घरात रोज मडकं फुटताना ऐकलं. हळूच येऊन मालनला विचारलं, "श्रीपतराव हायत ना गं?"
चहा तीन कप. प्रयोगासाठी.

१६ जानेवारी, शनिवार.
सासऱ्यांना मोठी कळ. बनियन घामाने भिजली. मालन रडायला लागली. त्यांनी माझा हात धरला. "करा काय करायचं ते. आता सोसवत नाय."
नेमकी तेव्हाच मला वायर तपासावी लागली. घाई बरी नव्हे. बराच वेळ तपासली. मग स्वेटर शोधायला गेलो. थंडी आहे.
कळ आपोआप उतरली.

१८ जानेवारी, सोमवार.
रजा काढून खोपोलीला गेलो, मोठ्या कंडेन्सरसाठी. परत आलो तर घराला कुलूप. किल्ली मोतीबाईंकडे. मालन वडिलांना मुंबईच्या हॉस्पिटलात घेऊन गेली म्हणे. मोतीबाई म्हणाल्या, "सकाळपास्नं तुमी कवा निघताय, तेचीच वाट बगत व्हती दोघं."
मला वाईट वाटलेलं नाही.
जेवण : चहा.

१४ फेब्रुवारी, रविवार.
मंडळी परत. ऑपरेशन उत्तम झालं. सासरे चक्क हसतात. खडा सुपारीएवढा. माझ्यासाठी बाटलीतून आणलाय. "घ्या जावईबापू, आता बिनघोर फोडा. मी भायेर हाय."
मोठा कंडेन्सर लावला. सगळे अंगणात, लांब. मोतीबाई तुळशीमागे. पहिला धप्प : मडकं गेलं. दुसरं मडकं. तेही गेलं. तिसऱ्याला कंडेन्सर गेला. धूर.
खडा शाबूत.
सासऱ्यांनी आतून मसाल्याचा वरवंटा मागवला. खडा पायरीवर ठेवला, बसल्याबसल्या एक दणका दिला. भुगा! मोतीबाईंनी टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांसाठी.
तत्त्व तेच : धक्का. मी रशियाइतकाच बरोबर होतो. फक्त वीज लागली नाही.
मालन म्हणाली, वरवंटा घासा. घासला. राखेने, मग चिंचेने, मग परत राखेने. तिने वास घेतला.
नवा वरवंटा आणायचा आहे.