तूप, तालीम आणि मी

२ मार्च
शुद्धलेखन चुकंल, माफी असावी. नववीत शाळा सोडलोय आणि मोबाईलवर एका बोटानं टाईप करालोय. वाचणार मीच, तरी पण माफी.
आज तालमीतले वस्ताद नागेंद्र अण्णा म्हणाले, अंगावर मांस आण, मग जत्रंत तुझी कुस्ती लावतो. तालमीतला सौरव मला सगळ्या गल्लीत अगरबत्ती म्हणतोय. एक कुस्ती मारली की त्याचं तोंड बंद.
रीलमधला डॉक्टर सांगतोय, तूप खावा. ताकद, तेज, बुद्धी सगळं तुपात. उद्यापासनं चालू.

३ मार्च
गरम दुधात वाटीभर तूप. चमचा बायकांचा.
तालमीत गेलो न्हाय. सगळ्यांसमोर लंगोट नेसायचा म्हणजे लई अवघड. तूप आधी अंगात मुरू दे.

७ मार्च
माधवी आक्का बाळंतपणाला माहेरी आली. आईनं तिच्या लाडवासाठी किटलीत तूप साठवलंय. मी नुसतं कडंकडंचं घेतो.
आप्पा म्हणाले, किटलीला उंदीर लागलाय वाटतं. मी म्हणलो, व्हय, मी पण बघिटलो.

८ मार्च
आईनं किटलीजवळ सापळा लावलाय. सांगायचं न्हाय का? बोट सुजलंय. आता दुसऱ्या हातानं टाईप.

१४ मार्च
रेशन दुकानाच्या काट्यावर उभारलो. वजन वाढलंय. सगळं पोटावर, पण सुरुवात तिथनंच होत असणार. तोंडावर तेज आलंय. त्यात थोड्या पुटकुळ्या.
शेजारच्या शालूबाई म्हणाल्या, सुजलास काय रं? जळतात लोकं.
तालमीत दारापर्यंत गेलतो. आत सौरव होता. परत आलो. चालणं झालंच की.

१९ मार्च
सकाळपासनं संडासात. शरीर साफ व्हालंय. चांगलंच हाय.

२० मार्च
साफ व्हायचं थांबंना. आई दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरनी पोट दाबून विचारलं, काय खालास? मी म्हणलो, भात. परत दाबलं. म्हणलो, तूप.
म्हणाले, तूप वाईट न्हाय रं. भाकरीवर चमचाभर घे, अंग मोडून मेहनत कर. वाटी वाटी पिऊन पडून ऱ्हायलास तर असंच होणार.
ह्यांनी रील बघिटलेलं दिसत न्हाय.
आई घरात आल्यावर पहिल्यांदा सापळा उचलून माळ्यावर टाकली.
आक्का म्हणाली, मामा व्हायच्या आधीच माझं बाळंतपण खाऊन बसलास व्हय रं? हसत म्हणाली, पण किटली आता तिच्या उशाला.

५ एप्रिल
जत्रा. अण्णांच्या पुढं जाऊन उभारलो. पोट आत घेटलो, गेलं न्हाय. खालमानेनं म्हणलो, मांस आणलोय.
अण्णा म्हणाले, आणलास की. आता ते पाडणार कुणाला? एक डाव तरी शिकायला आलतास?
मग माझ्या हातात दोरी दिली. आखाड्यात गर्दी शिरू नये म्हणून पोरं दोरी धरून बसतात, त्यातला मी एक. वजन हाय, ओढला जाणार न्हाय म्हणाले.
सौरवनं कुस्ती मारली. फेटा बांधून माझ्याजवळ आला, म्हणाला, दोरी बरी धरलास रं.
अगरबत्ती म्हणला न्हाय. म्हणजे तुपाचा गुण आला म्हणायचा.
उद्या पहाटे तालीम. नक्की. न्हायतर परवा.
आत्ताच आईच्या माहेराहून, मच्छेहून फोन आला. भरमू मामानं पन्नाशीत लगीन केलंय, कुणाला न सांगता. आई रडालीय, आप्पा हसालेत. जातो मामी बघायला. तालीम परवाच.