तीन पाऊणे सव्वादोन

चोआ चू कांग, सिंगापूर
आश्विन वद्य सप्तमी

तीर्थस्वरूप वन्सं यांना धाकट्या भावजयीचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा उभ्यानेच घातला आहे, पण पोचला असं समजावं).

तुमची तब्येत कशी आहे? खोकला गेला, की अजून पहाटे सगळ्या आळीला उठवतो? पाकीट हातात पडल्यावर तुमच्या मनात पहिलं आलं असेल, की इकडे कुणीतरी गेलं. कुणी गेलेलं नाही. चार वर्षांत मी तुम्हाला पत्र घातलं नाही आणि तुम्ही मला, तेव्हा त्यावरून रुसायचा हक्क दोघींनाही नाही. अक्षराला हसू नका. चौथीचं आहे, पण माझं स्वतःचं आहे.

लिहायचं कारण असं. तुमचे बंधू गेले, त्यांच्या तेराव्याला हातात लाडवांचं ताट धरून, चार माणसं ऐकतील अशा आवाजात तुम्ही म्हणालात, की ही काही खाडीवर एकटी राहायची नाही, महिन्याभरात पोराच्या मागे निघेल. त्या दिवसापासून मी तुमच्याशी बोलणं टाकलं. मी महिनाभर नाही, तीन महिने राहिले, हे आधी नमूद करते. नंतर निशिकांत न्यायला आला आणि मी निघाले. पण आता मी परत येत आहे, एकटी राहायला, आणि ते कसं जमवलं ते तुम्हाला सविस्तर कळावं म्हणून एवढा कागद खर्ची घालते आहे. वाचताना बसून वाचा.

इथे तसं काही कमी नाही. अकरावा मजला, लिफ्ट बंद पडत नाही, पाणी जात नाही, शेजारी भांडत नाहीत (म्हणजे बोलतच नाहीत). निशिकांत सकाळी वन-नॉर्थला ऑफिसात जातो, सूनबाई क्षिप्रा तांजोंग पगारला बँकेत जाते, नात इरा शाळेत जाते आणि मी गॅलरीत जाते. इराला मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते आणि शेवटी ‘ला’ लावते. जूनमध्ये मी न्हाणीघरात घसरले. पडले नाही, बसले. पण निशिकांतने माझ्या मनगटाला एक घड्याळ बांधलं, जे मी पडले असं वाटलं की त्याला आपण होऊन फोन लावतं. त्यानंतर त्याने म्हाताऱ्यांचं एक केंद्र शोधून काढलं. तिथे सकाळी नेऊन सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं. एक दिवस बघायला गेले. गोल करून बसवतात आणि एक फुगा देतात. तो शेजारणीकडे टाकायचा, शेजारणीने आपल्याकडे टाकायचा, आणि कुणी झेलला की बाई टाळ्या वाजवते. मी एकाहत्तर वर्षांची आहे. मी टाळ्यांसाठी फुगा झेलणार नाही.

घरी येऊन सांगितलं, की मला माझ्या घरी पोचव. निशिकांत म्हणाला, तिथे आहे कोण? मागे जंगल, पुढे खाडी, हाक मारली तर ऐकायला माणूस नाही. तू तशा ठिकाणी एक रात्र एकटी काढून दाखव, मग बोलू. त्याला वाटलं विषय संपला. क्षिप्रा जेवता जेवता म्हणाली, मग जाऊ दे ना त्यांना, काढू दे रात्र. सून माझ्या बाजूने बोलली, तेव्हा खरं तर मी सावध व्हायला हवं होतं. पण ती काट्याने उचलून खात होती त्या भेंडीकडे बघत मी नुसतं ‘बरं’ म्हटलं.

आता जंगल आणि खाडी इथे कुठून आणायची? तर इथल्या प्रत्येक फ्लॅटात जाड भिंतींची एक कोठी असते. बॉम्ब पडले तर लपायला म्हणून सरकारने बांधून दिलेली. बॉम्ब काही पडत नाहीत, म्हणून लोक तिच्यात अडगळ ठेवतात. आमच्या कोठीत माझ्या लोणच्याच्या बरण्यांच्या मागे एक फुगवायची होडी होती, दोन माणसं बसतील अशी. निशिकांतने मागे कधी तरी हौसेने घेतली आणि एकदाही पाण्यात घातली नाही. शिवाय एक तंबू, तोही कोरा. होडी बघितली आणि माझा हात नुसता शिवशिवला. तुम्ही लग्नापासून मला ‘तरीवरची’ म्हणत आलात. माझा बाप खाडीवर तर चालवायचा, इकडची माणसं तिकडे आणि तिकडची इकडे, हे तुम्ही पाहुण्यांना असं सांगायचात जसा काही घराला डाग. असू दे. पण सातव्या वर्षी माझ्या हातात वल्हं होतं, आणि तुम्हाला अजून धक्क्यावरून होडीत उतरताना दोन माणसं लागतात.

बाजाराची चाकांची पिशवी घेतली. त्यात होडी, पायाने दाबायचा पंप, तंबू, छोटी शेगडी, बारा थालीपिठं, लसणीची चटणी आणि चहाचं सामान. फ्रिजवर चिठ्ठी लावली, की तू म्हणालास एक रात्र, ती घ्यायला जाते आहे, उद्या येते. तृतीयेचा दिवस धरला होता. इथे उबिन नावाचं बेट आहे. धक्क्यावरून लाकडी मोटारबोट सुटते, ती पलीकडे सोडते. तिथे तंबू टाकायचा तर आधी नाव लिहून द्यावं लागतं. पोलीस पोरगा चांगला होता. त्याने विचारलं किती जण, मी एक बोट दाखवलं. त्याने माझ्या मागे बघितलं, मग बाजूला बघितलं, मग पुन्हा बोटाकडे बघितलं. शेवटी लिहून घेतलं.

किनाऱ्यावर पाऊण तास पंप दाबून होडी फुगवली (पलीकडे एक गोरं जोडपं फोटो काढत होतं, त्यांनाही थोडा वेळ दाबायला लावलं). इथलं वल्हं विचित्र असतं, एकाच दांड्याला दोन्ही टोकांना पातं, उजवीकडे मारलं की लगेच डावीकडे. दहा मिनिटं होडी स्वतःभोवती फिरली. मग हाताला आठवलं. पुढच्या बैठकीवर पिशवी ठेवली आणि किनारा धरून निघाले. वन्सं, खरं सांगते, चार वर्षांत पहिल्यांदा मला माझे खांदे माझे वाटले. उन्हाचा त्रास नाही, वारा मागून, काठाला चिपीची झाडं मुळं वर काढून उभी, आपल्याकडच्यासारखी. आश्विनात आपल्याकडे जशी कोरडी हवा सुटते तसं इथे काही नसतं, बारा महिने एकच ओला ऋतू, पण पाण्याला पाण्याचाच वास येतो.

आता चूक सांगते, नाहीतर तुम्ही ती शोधत बसाल. भरतीची वेळ माझ्या बापाने शिकवली तशी काढली होती. तिथीला पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. तृतीया, म्हणून तीन पाऊणे सव्वादोन. पाऊणकी मला अजून झोपेतसुद्धा येते. दोनला तंबूच्या जागी पोचले, सव्वादोनला पाण्याच्या रेघेपाशी होडी ओढून ठेवली, दोर एका मुळीला नुसता गुंडाळला आणि निवांत तंबूकडे वळले. म्हटलं, आता सुकती लागेल, पाणी मागेच जाणार. जन्मभर जी तिथी कधी चुकली नाही ती बापाच्या खाडीची होती, हे मला तिथे सुचलं नाही. इथल्या समुद्राला आपली पाऊणकी कुणी शिकवलेली नाही. तो आणखी चांगला तासभर चढत होता.

आणि नेमकी त्याच वेळी डुकरीण आली. रानडुकरीण, मागे चार पिल्लं, सरळ माझ्या पिशवीशी. थालीपिठांचा डबा तिने असा उघडला, की मला आपल्या शेजघरातलं कपाट उघडणाऱ्या तुमची आठवण झाली. मी ताट आणि उलथनं घेतलं आणि बडवायला लागले. ती हलेना, पण घड्याळाला वाटलं मी पडले. निशिकांतचा फोन. मीटिंगमधून ओरडतोय, आई, पडलीस का? मी म्हटलं, पडले नाही, उभी आहे, डुकरिणीशी बोलत्ये, नंतर कर. तो म्हणाला, मी आत्ताच्या आत्ता येतो. मी म्हटलं, निशिकांता, उद्या सकाळच्या आत इथे तुझा पाय लागला तर ती रात्र मोजायची नाही, मी फुगा झेलायला जाईन आणि मरेपर्यंत तुला ऐकवेन. त्याने फोन ठेवला. मागून क्षिप्राचा आवाज आला नाही, कारण ती तांजोंग पगारला होती, पण नंतर कळलं, त्याने तिला फोन केला आणि तिने त्याला सांगितलं, शब्द दिलाय तर बस घरी. त्या भेंडीवरून जे लिहिलं ते मागे घेते.

डुकरीण अकरा थालीपिठं खाऊन गेली (चटणीला तोंड लावलं नाही, तेवढी अक्कल होती). मी वळून बघते तर होडी नाही. म्हणजे होती, पण पाण्यात, पन्नास हात लांब, रिकामी, संथपणे चाललेली, जशी काही तिलाच एकटीला जायचं होतं.  होडी गेली म्हणजे, या गुडघ्यांनी चिखलातून चालणं नाही, परत यायला फोन करावा लागणार, फोन केला म्हणजे निशिकांत येणार, आणि तो आला की खाडी संपली, घर संपलं, गोल करून बसायचं. साडी खोचून कमरेइतक्या पाण्यात गेले. पुढे चिखलाने पाय धरले. तिथेच उभी राहून तुमच्या बंधूंना चार शब्द ऐकवले, दुसरं कुणी नव्हतं म्हणून.

तेवढ्यात एका मचव्यातून एक चिनी म्हातारा आला. माझ्याएवढाच असेल, अंगात बनियन, तोंडात विडी. त्याने माझी होडी आकड्याने ओढून आणली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “आंटी, अलोन आह? कॅनॉट ला, कॅनॉट.” या देशात दोनच शब्दांत सगळा कारभार चालतो हे मी चार वर्षांत शिकले आहे. मी म्हटलं, “कॅन.” तो म्हणाला कॅनॉट, मी म्हटलं कॅन. त्याने हाताने डुक्कर करून दाखवलं, मी रिकामा डबा दाखवला. त्याने आपल्या मचव्याकडे बोट केलं, चला, सोडतो. मी पाय पसरून वाळूत बसले. शेवटी त्याने काय करावं? माझी होडी वर ओढली आणि दोर उंचावरच्या झाडाला स्वतः बांधून दिला. उरलेलं थालीपीठ चटणीसकट त्याला दिलं. त्याने डोळ्यांतून पाणी काढत सगळं खाल्लं आणि गेला. तो दिसेनासा झाल्यावर मी त्याची गाठ सोडून माझी मारली.

मग रात्र झाली, तंबूत झोपले, सकाळ झाली. रात्रीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

सातच्या सुमाराला मी चहा ठेवला होता, तर झाडीतून निशिकांत आला. पहिल्या बोटीने येऊन ऑफिसच्या बुटांत तासभर चिखल तुडवत आलेला, डासांनी तोंडाचा भोपळा केलेला. मी म्हटलं, सकाळ झालेली आहे, ये. त्याने बिनदुधाचा चहा घेतला, दुसरा मागितला. परत चालत जायची त्याच्यात ताकद नव्हती, म्हणून मी पिशवी पायाशी ठेवली आणि त्याला पुढच्या बैठकीवर बसवलं. दोन्ही हातांनी कडा धरून बसला होता, थेट तुमच्यासारखा. अर्ध्या वाटेत, मागे न बघता म्हणाला, आई, मार्गशीर्षात तिकीट काढतो. मी वल्हं मारत राहिले. बोललं की वल्ह्याचा ताल जातो.

तर वन्सं, असं आहे. तुम्ही तेराव्याला बोललात ते चार माणसांत बोललात, तेव्हा हे पत्रही चार माणसांत मोठ्याने वाचून दाखवावं ही विनंती. घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. तुमच्या पाया पडते (वर लिहिलं तसंच, उभ्याने).

तुमची,
तरीवरची

ता.क. मचव्यातल्या म्हाताऱ्याची गाठ माझ्यापेक्षा चांगली होती. माझी पहाटे सुटली होती, नशीब पाणी तिथवर चढलं नाही. हे वाचून दाखवू नका.

ता.क. दुसरा. रात्रीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही असं वर लिहिलं, ते खोटं आहे. जनावरांची भीती वाटली नाही. पण अंधार पडल्यावर मी तुमच्याशी भांडायला लागले, मोठ्याने, तेराव्याच्या लाडवांपासून सुरुवात करून पार माझ्या लग्नापर्यंत मागे गेले, आणि तुम्ही उलट एक शब्द बोलेनात. एवढं सुनं मला तुमचे बंधू गेले तेव्हाही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा तुम्ही होतात. पहाटेपर्यंत डोळा लागला नाही. तुम्ही महिना म्हणाला होतात. मला एका रात्रीत कळलं.

ता.क. तिसरा. घराला दोन खोल्या आहेत. खाडीकडची तुम्ही घ्या, तुमचा खोकला तिकडे जाऊ दे. मार्गशीर्षात मी पोचले की बिछाना घेऊन या. निशिकांतला सांगू नका, त्याला मी एकटी राहते आहे असंच वाटू दे. आणि नाही म्हणायचं असेल तर पत्रातून कळवू नका. घरी या आणि माझ्या तोंडावर म्हणा.