हेझलच्या पलंगाकडची बाजू

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा गळलं! सकाळी पाय खाली टाकला तर गालिचा पचपचीत. कोपरा तोच — सरकती खोली, बटण दाबलं की आत-बाहेर होणारी, मोटारहोमच्या भिंतीला मिळते तिथला, वरचा. म्हणजे नेमकी नातीसाठी, हेझलसाठी, मांडलेल्या पलंगाची उशीकडची बाजू. गादी पिळली असती तर अर्धी बादली भरली असती.

अकरा वर्षं या गाडीत एकटी राहतेय मी, एक थेंब आत आला नाही. पण ती अकरा वर्षं ॲरिझोना आणि नेवाडाची. तिथे पाऊस आला की लोक बाहेर येऊन बघत उभे राहतात. इथे ऑरेगनच्या किनाऱ्यावर येऊन सहा आठवडे झाले, त्यातले पाच पावसाचे. आणि मेलीला आत्ताच गळायचं होतं!

१९ तारखेला मिस प्रुइट घर बघायला येणार. हेझलला माझ्याकडे द्यायचं की नाही ते ठरवणाऱ्या, सरकारच्या मुलांच्या खात्यातल्या बाई. "मुलीला स्वतःचा पलंग हवा आणि जागा कोरडी हवी, मिसेस टॉलेसन. बाकीचं आपण जमवून घेऊ." दोनच गोष्टी मागितल्यात. पलंग आहे!

४ नोव्हेंबर

बटण दाबून खोली आत घेऊन टाकली. घरघरत आली, भिंतीसकट. गळणं बंद! पण मग पलंग जाऊन भिडतो स्वयंपाकाच्या ओट्याला, आणि मी दारातून आडवी होऊन शिरते. हे दाखवू बाईंना? ‘ही माझी नात आणि हा तिचा ओटा’?

परत बाहेर काढली.

५ नोव्हेंबर

गाडीवर ताडपत्री टाकली होती. तासाभरात मोटारहोम-पार्कचा मॅनेजर छत्री घेऊन हजर. "ताडपत्री चालत नाही इथे. नियम वाचलेत ना? आणि इतकी जुनी गाडी तशीही नियमात बसत नाही, मी डोळेझाक केलीय." गोड हसत बोलतो मेला. ताडपत्री काढली. भर पावसात.

८ नोव्हेंबर, शनिवार

हेझल आली होती. दोन तास, मिस प्रुइट बाहेर मोटारीत बसून कागद लिहीत होत्या.

किती बारीक झालीय! सहा वर्षांची आहे, दिसते चारची. ट्रिनाला — माझ्या लेकीला — कोर्टाने उपचारकेंद्रात पाठवलं त्याला तीन महिने झाले. अजून वर्ष तरी जाईल. तेवढ्यात खात्याने सांभाळायला दिलेली पोरीची दोन घरं झाली. पहिल्या घराने तीन आठवड्यांत परत केली. परत केली! दुकानातली वस्तू आहे का? कारण काय, तर ‘जुळलं नाही’. आत्ताचं दुसरं घरही तिला महिनाअखेर सोडणार म्हणे. माझं जमलं नाही तर तिसरं घर डोंगरापलीकडे, सहा तासांवर. तिकडे गेली की मला महिन्यातून एकदा भेटेल आणि मग विसरेल.

गादी मी हीटरला टेकवून उभी केली होती. तिने बघितलीच. एकदम हळू आवाजात म्हणाली, "गादी कुणी ओली केली?"

"कुणी नाही गं. गाडी गळते."

"मग तू कुणाला रागावलीस?"

"कुणाला रागावणार? गाडीलाच."

तिला केवढं हसू आलं. एवढं हसण्यासारखं काय होतं? मग मी एक वाईट गोष्ट केली. तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "मिस प्रुइटना सांगू नकोस हं." तिने लगेच मान डोलावली. सवय असल्यासारखी. सहा वर्षांच्या पोरीला लपवायला शिकवलं मी आज. लाज वाटते.

१० नोव्हेंबर

पाऊस थांबलाय तोवर उरकलं. आधी डॉलरची नोट घेऊन खोलीभोवतीच्या रबरी पट्टीखाली सगळीकडे सरकवून बघितली — नोट ओढली की घट्ट लागायला हवी. वर डावीकडे अलगद सुटून आली! सापडली म्हटलं चोरवाट. दुकानातून फटी बुजवायच्या सिलिकॉनच्या चार नळ्या आणल्या, शिडी लावली आणि फट चारही बाजूंनी भरून टाकली. वर, खाली, दोन्ही कडा. बोटाने सारखी केली. चौसष्टाव्या वर्षी शिडीवर! मुंगीसुद्धा शिरणार नाही आता.

पुरुषांवाचून काही अडत नाही.

११ नोव्हेंबर

कोरडं. मी मोठी हुशार!

१३ नोव्हेंबर

कसली हुशार. गाढव आहे मी.

काल दुपारपासून धो धो. आज सकाळी वरूनही पाणी, खालूनही. आता जमिनीतून येतंय, प्लायवूड फुगून पाव झालाय. खोली आत घ्यावी म्हणून बटण दाबलं तर म्हातारीसारखी कण्हली आणि जागची हलेना. चिकटली! मीच चिकटवली. आत येत नाही, कोरडी होत नाही. गाडी हलवताही येणार नाही — या पार्कातून हाकललं तर जाऊ कुठे, खोली पोटातून बाहेर लोंबकळत?

सहा दिवस राहिले.

१४ नोव्हेंबर

पलंगामागे काळे ठिपके. बुरशी. ब्लीचने घासली, आता सगळ्या गाडीला दवाखान्यासारखा वास येतोय. दुरुस्तीवाल्याला फोन केला. "जानेवारीत बघू, बाई." पाया पडायचं बाकी ठेवलं, पण नाहीच म्हणाला.

१५ नोव्हेंबर

दिवसभर टॉवेल पिळले. रडले. पुन्हा टॉवेल पिळले.

एक माणूस आहे, ज्याला या गाडीचा खिळा न् खिळा ठाऊक आहे. नाही. मरेन पण त्याला फोन करणार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

केला फोन.

मर्ल. माझा एकेकाळचा नवरा. घटस्फोटात त्याने घर घेतलं, मी गाडी. तेव्हा अंगणात उभा राहून म्हणाला होता, "सहा महिन्यांत फोन करशील." त्या एका वाक्यावर मी अकरा वर्षं काढली.

"मर्ल, मी व्हर्ना."

लगेच म्हणाला, "कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. सरकती खोली गळतेय."

असा हसला! खोकला येईपर्यंत. मी फोन ठेवणारच होते. तेवढ्यात विचारतो, "गाडी उभी कशी केलीयस? पाणसळ लावून?"

"मग! बुडबुडा अगदी मधोमध, गाडी एकदम सपाट."

"वाटलंच मला. अगं, सपाट छपरावरचं पाणी जाणार कुठे? तुंबतं आणि भिंतीकडे वळतं. खोलीच्या बाजूला गाडी बोटभर खाली हवी. उजव्या चाकांखाली फळी घाल."

फळी! सतरा वर्षं मी त्या फळीवरून त्याला बोलले. प्रत्येक मुक्कामाला गाडी तिरकी. तव्यातलं अंडं डावीकडे पळायचं, काटे-चमचे टेबलावरून घरंगळायचे. ‘तुझं डोकं तिरकं तशी तुझी गाडी,’ असं चारचौघांत म्हणायची मी. एकटी झाल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर ती फळी फेकून दिली आणि पाणसळ विकत घेतली.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," म्हटलं.

"तू कधी विचारलंस? तू नावं ठेवत होतीस."

मी विषय बदलला.

सिलिकॉनचं सांगितलं तर ओरडलाच. "चारही बाजूंनी? खालूनसुद्धा? अगं बाई, ती पट्टी हलायला हवी! वरून चुकून आलेलं पाणी खालून निघून जातं. तू त्याची वाटच बुजवलीस! काढ सगळं. सुरी लावू नकोस, रबर फाटेल. प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवड. नंतर खोली बाहेर काढलीस की इंचभर परत आत घे, म्हणजे रबराची कड बाहेर वळेल."

शेवटी आवाज उतरला त्याचा. "हेझलसाठी चाललंय ना हे?"

"हो."

"मला दहा पावलं चालून दम लागतो, व्हर्ना. नाहीतर मीच तिला…"

"ठाऊक आहे मला," म्हटलं. खरंच ठाऊक आहे.

१७ नोव्हेंबर

सकाळी आठपासून चिखलात पडून. खरवड, ओढ, खरवड. नखं गेली. खालची कड मोकळी केली आणि भसकन पाणी आलं बाहेर, माझ्या तोंडावरच. चार-पाच दिवस तिथे साठून बसलं होतं! मग बटण दाबलं — कुरकुरली, थांबली, आणि सुटली. मी गाडीच्या भिंतीला धरून रडले.

फळी घातली. गाडी तिरकी झाली. संध्याकाळी अंडं टाकलं, डावीकडे पळालं. नवी गादी आणली, फुगलेला प्लायवूड कापून नवा बसवला. ओबडधोबड दिसतोय, पण कोरडा आहे.

१८ नोव्हेंबर

पाऊस. पाणी छपरावरून बाहेरच्या बाजूला पन्हळीसारखं पडतंय. दर अर्ध्या तासाला भिंतीला हात लावून बघतेय. कोरडी. कोरडी. कोरडी.

१९ नोव्हेंबर

आल्या. पाऊस असा की समोरची गाडी दिसत नव्हती! बाईंनी भिंतीला तळवा लावला. गादी दाबली. उशीसुद्धा उचलून बघितली.

मग टेबलावर पेन ठेवलं लिहायला. ते घरंगळत गेलं आणि पडलं डावीकडे. बाईंनी पेनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "गाडी तिरकी आहे का?"

"हो. मुद्दाम केलीय."

"पाण्यासाठी?" "पाण्यासाठी."

"बरं," म्हणाल्या आणि पेन हातात धरूनच लिहिलं.

जाताना मीच विचारलं, त्या दोन घरांनी तिला का ठेवली नाही? "फाइलमध्ये ‘जुळलं नाही’ एवढंच आहे. खरं सांगायचं तर हेझल फार शहाणी आहे. फारच. काही झालं तरी सांगत नाही."

२१ नोव्हेंबर

मिळाली!! पुढच्या शुक्रवारी येणार. तीन महिने दर शुक्रवारी मिस प्रुइट फोन करणार, तिच्याशी वेगळं बोलणार, आणि सगळं ठीक असेल तरच पुढे. असू दे. मर्लला कळवलं. म्हणाला, "फळी काढू नकोस." म्हटलं, नाही काढत बाबा.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आली. पिशवी उघडली तर फ्रॉक दोन आणि पायजमे सहा! कुणी भरली ही पिशवी? कालच्या सणाच्या टर्कीचे उरलेले तुकडे आणि भोपळ्याची गोड पेस्ट्री, दोन्ही खाल्लं. दूध मात्र नको म्हणाली, पाणीही नको. पाऊस थांबलाय. थंडी मी म्हणतेय, पण आकाश स्वच्छ.

३० नोव्हेंबर

अंडं डावीकडे पळतं त्याची तिला फार मजा वाटते. "पळालं, आजी, पळालं!" सारखी बटण दाबू का विचारते. अजून पाऊस नाही. तरी भिंतीला हात लावल्याशिवाय राहवत नाही मला.

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी हेझल दारापाशी उभी, अंगावर कालचा नाही, दुसराच पायजमा. "आजी, गाडी गळली."

धावले. गादी ओली, मधोमध. वर बघितलं, भिंतीला हात लावला, पट्टीखाली बोट घातलं. ठणठणीत कोरडं. बाहेर फळी जागेवर. मग आठवलं, आठवडाभर पाऊसच नाही. आणि पिशवीतले ते सहा पायजमे आठवले.

मी वळले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, श्वास धरून. म्हणाली, "मिस प्रुइटना सांगू नकोस हं."

"जुनीच आहे गं गाडी," म्हटलं, "गळायचीच." चादर काढली, गादी उन्हात टाकली. मग दोघी कोट घालून बाहेर गेलो आणि गाडीला चांगलं रागावलो.