कोंबड्यांच्या आंबोणासाठी रिकामी केलेली बरणी

आष्टा, शुक्रवार सकाळ
(सही करेपर्यंत दुपार होईल)

तीर्थस्वरूप जोतीराम आबांच्या चरणी आष्ट्याहून लालासाहेबाचा कडक नमस्कार. इकडे सगळे ठीक, म्हणजे मी आणि अकरा कोंबड्या. तुमच्या भगिनी तीन आठवडे विट्याला आहेत, आमच्या लेकीला, पूजाला, दिवस गेलेत म्हणून. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता का, की लावल्याचं नुसतं वहिनींना सांगता? फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन आला की स्पीकर लागतो आणि पलीकडच्या गल्लीला ऐकू जातं. म्हणून हे पत्र. बाळासोचा टेम्पो उद्या पाटणला येऊन संध्याकाळी माघारी फिरतो, त्याच्या हाती देतो आहे.

आबा, कोंबड्यांना कोरडं धान्य टाकणं हा शुद्ध अडाणीपणा आहे, हे मला गेल्या आठवड्यात मोबाईलवर कळलं. मका, ज्वारी, गहू भरडून तीन दिवस पाण्यात भिजत ठेवायचं. ते आंबून बुडबुडे आले की झालं कोंबड्यांचं आंबोण. ते दिलं की कोंबडी खाते कमी आणि अंडी घालते जास्त (माणसांत असलं कुणी माझ्या पाहण्यात नाही). व्हिडिओतल्या बाईंची एकच अट होती, भांडं धातूचं नको; काचेचं नाहीतर चिनी मातीचं पाहिजे. प्लास्टिकची बादलीही चालते असं त्या पुढे म्हणाल्या, पण तोवर मी माळ्यावर चढलो होतो.

माळ्यावर दोन बरण्या होत्या. एकीत खडेमीठ. दुसरीचं तोंड फडक्यानं बांधलेलं आणि आत डांबरासारखं काहीतरी काळंकुट्ट. तुम्हाला माहीतच आहे, फौजेत मी बावीस वर्षं रॅशन स्टोअरला काढली. तिथे खराब माल कंडम करायचा तर तिघांचा बोर्ड बसतो. इथे मी एकटाच, म्हणून तिघांच्या वतीने बसलो. वास घेतला, रंग पाहिला आणि माल एकमताने कंडम केला. परसात उकिरड्यावर ओतला, बरणी राखेनं लख्ख घासली. कोंबड्यांनी एकेक फोड उचलली, माना झटकल्या आणि दिवसभर पाणी पीत बसल्या. बोर्डाचा निर्णय बरोबर होता याचा तो पुरावाच आहे, असं तेव्हा मला वाटलं.

बरणीत भरडा भिजवला. मुंग्या लागू नयेत म्हणून झाकणावरून सायकलच्या ट्यूबचं रबर आवळलं आणि वर वरवंटा ठेवला. (झाकण सैल ठेवा, आत वायू धरतो, असंही त्या बाई सांगत होत्या म्हणे, तो भाग मी पुढे ढकलला होता.) तिसऱ्या दिवशी सकाळी मी देवापुढे उदबत्ती लावत असताना रबर तुटलं. झाकण वर पत्र्यावर जाऊन वाजलं, वरवंटा पिठाच्या डब्यात गेला आणि आंबलेला मका देवांवर, कॅलेंडरवर आणि माझ्यावर सारखा वाटला गेला. शेजारचा सिद्धू सिलिंडर फुटला समजून ओलं पोतं घेऊन धावत आला आणि एक शब्द न विचारता त्याने ते माझ्या डोक्यावर टाकलं. बरणी मात्र शाबूत राहिली.

उरलेलं आंबोण कोंबड्यांपुढे ठेवलं. आधी त्या हातभर लांब उभ्या राहून माझ्याकडेच बघत होत्या. मग तुरेवालीने एक चोच मारली, आणि पाच मिनिटांत थाळी उलटी. आता कोरडा दाणा टाकला की पाठ फिरवतात. अंडी सातावरून नवावर गेली आहेत. सकाळी पोत्याची गोष्ट सांगून हसणारा सिद्धू दुपारी कृती विचारायला येतो.

इतकं सगळं रांगेला लागलं असताना परवा तुमच्या भगिनींचा फोन आला. म्हणाल्या, "आवं, पोरीच्या तोंडाला चवच न्हाई. रविवारी येताना माळ्यावरच्या बरणीतलं आईचं लिंबू घिऊन या. नऊ वरसं झाली, आता औषधच हाय ते." मी व्हय म्हणालो. फोन ठेवला आणि उकिरडा उकरून पाहिला. कोंबड्यांनी माझ्या आधीच उकरला होता.

आबा, फार वाईट वाटलं. सासूबाई जाऊन आठ वर्षं झाली. त्यांच्या हाताची चव घरात तेवढ्या एका बरणीत उरली होती आणि ती मी कोंबड्यांना घातली. त्यांच्या तिथीला तुमच्या भगिनी एकच फोड काढून दोघांच्या ताटात अर्धी अर्धी वाढत. मी दरवर्षी बातम्या बघत ती गिळत आलो, म्हणून तर रंग ओळखता आला नाही. परवापासून मला जेवण गोड लागत नाही.

असो. आंबोणाची कृती मागच्या पानावर लिहिली आहे, जरूर करून बघा. वहिनींना नमस्कार.

आपला,
लालासाहेब

ता. क. सासूबाईंनी त्या वर्षी दोन बरण्या भरल्या होत्या, एक तुमच्या भगिनींना आणि एक तुम्हाला. तुमच्यातलं वाटीभर लोणचं बाळासोकडे गुपचूप द्याल का? डब्यावर काहीही लिहा, फक्त लोणचं लिहू नका. रविवारी रिकाम्या हाताने विट्याला जायची माझी छाती नाही.

आणखी ता. क. वरची विनंती रद्द समजावी. पाकीट चिकटवायच्या आत तुमच्या भगिनी दारात उभ्या. (पूजाला शेजारणीकडच्या कैरीच्या लोणच्याने चव आली, म्हणून जावयांनी दोन दिवस आधीच गाडीने आणून सोडलं.) त्यांनी बुडबुडे येणाऱ्या बरणीकडे पाहिलं, मग चष्मा लावून हे पत्र दोनदा वाचलं. मी भिंतीला टेकून सावधान उभा होतो. आधी त्या रडल्या. मग पत्रातल्या पोत्याच्या ओळीपाशी पुन्हा आल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मग म्हणाल्या, "आबाकडं काय मागताय? त्याच्या बरणीला दुसऱ्याच वर्षी बुरशी आली. दर दिवाळीला आईचं म्हणून वाढतोय, ते बाजारचं हाय." पहिल्याच घासाला त्यांनी ओळखलं होतं, पण तुमचा चेहरा बघून गप्प राहिल्या म्हणे. तेव्हा आबा, आपण दोघे एकाच कलमाखाली आत आहोत.

शिक्षाही झाली आहे. तुम्ही तुमच्या परड्यातली शंभर लिंबं, बिनडागाची, बाळासोकडे पाठवायची. मी आंबोण प्लास्टिकच्या बादलीत हलवायचं, बरणी धुऊन उन्हात वाळवायची आणि नंतर तिच्याकडे बघायचंही नाही. लोणचं त्या स्वतः घालणार, सासूबाई घालत तसंच. तो काळा रंग यायला नऊ वर्षं लागतात, आणि बरणी उघडतील तेव्हा पहिली फोड मी टीव्ही बंद करून खायची, असं त्यांनी बजावलं आहे. म्हणजे निदान नऊ वर्षं तरी मला घरातून काढत नाहीत. लिंबं लवकर पाठवा, आबा.