सिनेमात तू नाहीस

प्रिय धाकटे,

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. बाबा हल्ली फोनपासून हलत नाहीत, आणि त्यांच्या कानावर पडू नये असं बरंच आहे. म्हणून स्वयंपाकघराचं दार लोटून लिहायला बसलेय.

मोठीवरचा सिनेमा लागला. मला पुढच्या रांगेत बसवलं, हातात फुलं दिली आणि दिवे मालवल्यावर माझ्या पोरीचं वाट्टेल ते केलं. सिनेमात ती कुठल्याशा संगीतकारापायी झुरून झुरून मरते. खरी ती रक्ताच्या आजाराने गेली, पण आजाराला हिरो लागत नाही ना! दिग्दर्शकाला तसं म्हटलं तर म्हणतो, काकू, लोकांना रडायला काहीतरी कारण द्यावं लागतं. घरोघरी जिची गाणी वाजत होती ती पोर ऐन उमेदीत गेली, हे कारण त्याला पुरलं नाही. आणि हो, सिनेमात तू नाहीस. धाकट्या बहिणीमुळे गोष्ट पसरते, असं लिहिणाऱ्याचं मत पडलं. तिथे आम्हाला एकच मुलगी आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

पण मला सांगायचंय ते मोठीचं काम करणाऱ्या नटीबद्दल. पोरगी वाईट नाही गं. शूटिंगच्या आधी ती मोठीच्या खोलीत राहायला आली. भूमिका अंगात मुरावी म्हणून दिवसभर मोठी होऊनच वावरायचं, अशी तिची कामाची पद्धत. मोठीचे कार्यक्रमाचे पोशाख मीच तिला काढून दिले. शेवटचे शेवटचे तिला होईनात. आठवतं ना, मोठी वाळत चालली तशी मी प्रत्येक कार्यक्रमाआधी शिवण आत घेत गेले, लोकांना कळू नये म्हणून. आता तीच शिवण उसवत बसले. आत कापडाची माया भरपूर ठेवली होती, त्यामुळे सगळे पुन्हा धडधाकट पोरीच्या मापाचे झाले. उसवता उसवता मला हुंदका आला, तर ती नटी मागून येऊन थेट मोठीसारखी म्हणाली, ए आई, पुरे की आता. माझ्या अंगावर काटा आला. पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

बाबांचं विसरणं किती वाढलंय ते तुला ठाऊकच आहे. मोठी गेली हे कधी आठवायचं, कधी नाही. त्यांनी तिला त्या पोशाखात पाहिलं आणि म्हणाले, ठमे, किती गं उशीर? लहानपणी कमरेवर हात ठेवून सगळ्यांना दटावायची म्हणून त्यांनीच मोठीला ठेवलेलं नाव ते. नटी भूमिकेत होतीच. तिने झटकन कान पकडले, चुकले बाबा म्हणाली. त्या दिवशी ते पोटभर जेवले. पुढे आपणहून दाढी करायला लागले, कपडे बदलायला लागले. माणूस सुधारतोय म्हटल्यावर मी कशाला मध्ये तोंड घालू?

शेवटचा प्रसंग आपल्याच घरात घेतला, मोठीच्याच पलंगावर. बाबांना शेजारणीकडे बसवायचं ठरलं होतं, पण ते तिची नजर चुकवून आले. बघतात तर ठमी पांढरीफटक पडलेली. धाकटे, असा टाहो त्यांनी खऱ्या वेळीसुद्धा फोडला नव्हता गं. खऱ्या वेळी ते दारात उभे राहून आल्यागेल्याला पाणी विचारत होते. मी धावले, तर दिग्दर्शकाने हात आडवा घातला. कॅमेरा चालू होता ना! शेवटी ती नटीच ताडकन उठली आणि त्यांच्या गळ्यात पडून म्हणाली, बाबा, मी आहे, बघा ना, मी कुठेच गेले नाही. त्या मेल्याने बाबांचं ते रडणं सिनेमात वापरलंय. बापाचं काम करणाऱ्या नटाच्या तोंडावर आवाज आपल्या बाबांचा बसवलाय. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, काय रडलाय हो हा माणूस! मी उठून बाहेर आले.

त्या शूटिंगच्या दिवसापासून बाबांच्या लेखी ठमी मरून परत आली आहे, आणि कुठल्याही क्षणी पुन्हा मरेल. शूटिंग संपल्यावर ती नटी आपल्या घरी गेली, पण रोज संध्याकाळी फोन करायची. ठमी बोलतेय, जेवलात का, माझा कार्यक्रम छान झाला. तेवढ्यावर बाबांचं निभायचं. आता तिचा फोन येणं बंद झालंय. मी विचारलं तर रडायलाच लागली. काकू, घरच्यांनी माझ्या नावाने हाक मारली तर मी ओ देत नाही, मला आता हे नाही होत म्हणाली. तिला काय बोल लावणार? तिलाही जगायचंय. इकडे बाबा मला विचारतात, ती मेली का? मी नाही म्हटलं की विचारतात, मग फोन का करत नाही? एकदा मन घट्ट करून खरं सांगितलं, तर तोच टाहो. दुसऱ्या दिवशी विसरले आणि पुन्हा विचारलं. जेवण सुटलंय. असंच चाललं तर फार दिवस काढणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तुझा आवाज फोनवर हुबेहूब मोठीचा येतो. ती असताना लोक फसायचे, आणि मी ती नाही असं म्हणून तू फोन आपटायचीस. त्या वैतागापायीच तू इतकी लांब गेलीस, हे मला कळत नाही असं समजू नकोस. बाबा तुझं नाव काढत नाहीत. मी मुद्दाम तुझा फोटो दाखवला, तर म्हणाले, कोण ही, गोड आहे. हे तुझ्यापासून लपवून तुझ्याकडेच काही मागणं बरं नव्हे. संध्याकाळी फोन करशील? ठमी बोलतेय म्हण. जेवलात का विचार. स्वतःबद्दल काही बोलू नकोस, ते घाबरतील. नाही जमलं तर नाही म्हण, मी खरंच रागावणार नाही. पण केलास, तर बाबांचं बोलून झाल्यावर आईला द्या म्हण. मी फोन आत घेऊन येईन, दार लावीन आणि तुला तुझ्या नावाने हाक मारीन.

तुझीच,
आई