रंग न घेणारी जागा

रविवार, ५ जानेवारी

काल सायंकाळी अश्विनीचा फोन आला. सुलभाच्या तेराव्यानंतर पहिलाच. बजाजनगर म्हणजे काही परमुलूख नव्हे. परंतु पाच महिन्यांत मुलगी इकडे आली नाही आणि मीही तिकडे गेलो नाही. बोलणे दोन मिनिटांचे. “अण्णा, आईच्या साड्या मावशीला द्या. दागिने राहू द्या तिथंच. मला फक्त जेवायचं टेबल पाहिजे.” एकोणीस तारखेला टेम्पो घेऊन येते म्हणाली. टेबलच का, हे मी विचारले नाही. फोन ठेवल्यावर सुचले.

टेबल सागवानी, चार फूट बाय अडीच. पाय मजबूत. वरचा फळा मात्र जागोजागी फिकटलेला, सु.च्या बाजूला अधिक. असे देणे बरे दिसणार नाही. जुने पॉलिश काढून एकसारखा अक्रोडी रंग द्यावा असे ठरविले. या घरातून तिच्याकडे जाणारी एक वस्तू तरी बिनचूक असावी.

बुधवार, ८ जानेवारी

कॉलेजच्या कार्यालयातून परतताना हनीफभाईंना भेटलो. पॉलिशचे जुने कारागीर, वय सत्तरीच्या पुढे. आता दम लागतो म्हणून स्वतः काम घेत नाहीत, सांगतात मात्र मनापासून. “साब, जल्दी नक्को करो. पैले अस्सी का कागद, फिर एकसौवीस, फिर एकसौअस्सी. रेघ के साथ चलाओ, आडा नक्को. और रंग एक दम में लगाव. बीच में चाय को उठे तो जोड़ दिखता.”

फळ्याच्या खालच्या बाजूस, कोणास दिसणार नाही अशा जागी, रंगाचे तीन नमुने लावून पाहिले. पाच, दहा व पंधरा मिनिटांनी पुसले. दहा मिनिटांचा सर्वांत योग्य.

शनिवार, ११ जानेवारी

दुसरा शनिवार, सुट्टी. सकाळी आठपासून गच्चीत घासकाम. तिन्ही नंबरचे कागद क्रमाने वापरले. भुसा ओल्या फडक्याने टिपला, लाकूड उन्हात वाळू दिले, उठलेले तंतू पुन्हा हलक्या हाताने बसविले. जुने लाकूड इतके फिके असेल असे वाटले नव्हते. हे टेबल मुकुंदवाडीच्या कारखान्यातून आणले तेव्हा सु. म्हणाली होती, “आता तरी घरात सगळे एकत्र जेवू.” मी म्हणालो होतो, टेबलावर ओले भांडे ठेवायचे नाही आणि तेलाची बाटली तर मुळीच नाही. सगळे एकत्र जेवलो ते बहुधा पहिले सहा महिने. नंतर माझी कार्यालयाची वेळ…

रविवार, १२ जानेवारी

रंग लावला. एका दमात, मलमलच्या बोळ्याने, न थांबता. दहा मिनिटांनी पुसला.

फळा सुरेख उतरला आहे, दोन ठिकाणे सोडून. सु. बसत असे त्या बाजूला दोन लंबगोल चट्टे, तळहाताएवढे. रंग घेतलाच नाही. मोजले : काठापासून चार इंच आत, दोहोंतील अंतर चौदा इंच. दोन्ही जवळपास एकाच आकाराचे. दुसरा हात दिला, तरी तसेच. कशाचे असावेत, कळत नाही.

सोमवार, १३ जानेवारी

हनीफभाई मुद्दाम जिना चढून आले. अंगठ्याने चट्टा चोळला, वाकून वास घेतला.

“तेल है, साब. लकड़ी तेल पी को बैठी. रंग किधर से लेती?”

या टेबलावर तेलाला मनाई होती, असे मी सांगितले. ते हसले. “मनाई आपकी थी, लकड़ी की नहीं थी.” मग म्हणाले, गडद काळपट रंग मारला तर काही दिसणार नाही. मी नको म्हटले. झाकलेला दोष हा दोषच राहतो. थिनरने रंग पुसून फळा पुन्हा कोरा करण्याचे ठरले.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आमच्याकडे यंदा सण नाही. शेजारच्या वहिनी दारातूनच, “भाऊ, तीळगूळ देत नाय, पण जेवण पाठवते,” म्हणून गेल्या. त्यांच्याकडून पोळी आली, एकट्याने खाल्ली. फळा पूर्ववत कोरा झाला. चट्टे तसेच, आता जरा पिवळट.

बुधवार, १५ जानेवारी

कार्यालयातील जुनी रीत वापरून पाहिली. नोंदवहीच्या पानावर तेल सांडले की आम्ही खडूची भुकटी पसरतो, वर टीपकागद ठेवतो, त्यावरून कोमट इस्त्री फिरवतो. तीस वर्षांत एकही पान फाडावे लागलेले नाही. लाकूडही शेवटी कागदाचेच मूळ.

डाव्या चट्ट्यापासून आरंभ केला. पहिल्या टीपकागदावर तेल चढले. दुसऱ्यावर चढले. कार्य यशस्वी होत आहे याचे समाधान वाटले, हे येथे लिहून ठेवतो. सातव्या कागदापर्यंत डावा चट्टा जवळजवळ गेला. मग उजव्यावर इस्त्री ठेवली आणि वास आला. आधीही येत असला पाहिजे. माझे लक्ष कागदावर होते.

निर्गुडीचे तेल. हा वास सु.च्या पदराला असायचा. गेली दोन वर्षे तरी. मला वाटायचे, केसांचे काही असेल.

इस्त्री उचलली. खुर्ची ओढून सु.च्या जागी बसलो. या जागी मी कधी बसलो नव्हतो. दोन्ही कोपरे आपोआप टेबलावर टेकले. चौदा इंच.

गुरुवार, १६ जानेवारी

अश्विनीला फोन केला. तिने सांगितले ते जसेच्या तसे :

“तुम्ही ऑफिसला गेलात की ती बसायची तिथं. दोन्ही हातांना तेल चोळायची, मनगटापासून खांद्यापर्यंत. मग कोपरं टेकून बसायची, जिरेपर्यंत. खाली पेपर घालायची, तुम्हाला डाग दिसू नये म्हणून. तुम्ही यायच्या आत पेपर कचऱ्यात. तेल मीच आणून द्यायचे, औरंगपुऱ्यातून.”

मला का सांगितले नाही, असे विचारले.

“सांगितलं होतं, अण्णा. मार्चमध्ये. आईचे हात लई दुखतात, मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, परीक्षा होऊ दे.”

खरे आहे. परीक्षा झाल्या, मग निकाल, मग प्रवेश. जूनअखेर दाखवले तेव्हा हाडांतले दुखणे फार पुढे गेलेले होते. सु. त्याही दिवशी दवाखान्याच्या बाकावर म्हणाली, “तुमची रजा वाया गेली.”

अश्विनी म्हणाली, “त्या दोन जागा आहेत ना अजून? माझ्यासमोर ती तिथंच बसायची. म्हणून मागितलं टेबल. तुम्ही घासलं-बिसलं नाय ना?”

मी उत्तर दिले : “रंगाचे काम चालू आहे.”

कार्यालयात अडचणीच्या पत्राला आम्ही असेच उत्तर देतो.

शुक्रवार, १७ जानेवारी

हनीफभाईंना सर्व सांगितले. ते म्हणाले, “तेल होएंगा ना घर में? डावे बाजू के दाग पे उत्ताच लगाव, लकड़ी दो दिन में पी लेंगी. बेटी को क्या समजता.”

बाटली सापडली, तांदळाच्या डब्यामागे, कागदात गुंडाळलेली. अर्धी. कापसाचा बोळा भिजवला आणि डाव्या जागेपर्यंत हात नेला. नाही लावला. बाटली तिच्या जागी परत ठेवली.

शनिवार, १८ जानेवारी

काही केले नाही.

रविवार, १९ जानेवारी

अश्विनी दहा वाजता आली, एकटी. जावईबापूंची कंपनीत पाळी होती. बारीक झाली आहे. टेम्पो खाली थांबलेला. टेबलाकडे पाहताच थबकली. “कोरं केलंत?” मग उजवी जागा दिसली, तिथे हात ठेवला. डावीकडे शोधत राहिली.

मी सांगितले. इस्त्री, कागद, सात वेळा. फोनवर खरे बोललो नाही, हेही. आणि मार्चचे. मार्चमध्ये तू सांगितलेस ते मी ऐकले होते, विसरलो नव्हतो, पुढे ढकलले होते. हे वाक्य मी दोन दिवस मनात रचले होते. प्रत्यक्षात तुटक निघाले.

ती सु.च्या खुर्चीवर बसून रडली. मी समोर उभा. पाणी आणले, प्याली नाही. “तुम्हाला सगळं साफच का लागतं हो अण्णा?” असे एकदा म्हणाली.

खालून टेम्पोवाल्याने हाक दिली, “ताई, माणसं बोलावू का उचलायला?” ती खिडकीतून म्हणाली, “आज नको भाऊ. थांबा, मी येते.” टेम्पोतच पुढे बसून गेली. पुन्हा केव्हा, ते बोलली नाही. तिने टेबल हवे किंवा नको असे काहीच म्हटले नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

हनीफभाईंचा निरोप : कोरे सागवान उघडे ठेवू नका, निदान लाखेचा एक हात द्या, नाहीतर सांडेल ते आत जाईल. बरोबर आहे. परंतु लाखेचा हात दिला तर उजव्या जागेचा वास बंद होईल.

अश्विनीला सोमवारी पत्र लिहिले. फोनवर मी पुन्हा भलतेच बोलेन असे वाटले. एवढेच विचारले : हात द्यावा की तसेच ठेवावे? तू सांगशील तसे. उत्तर नाही. आज चौथा दिवस.

तोवर मी ओट्यापाशी उभा राहून जेवतो. टेबलावर जुने धोतर पसरले आहे. सकाळी ते उचलून पाहिले. वास आहे, पण सोमवारपेक्षा कमी.