शून्य चुका

३ नोव्हेंबर

आले एकदाची रत्नागिरीत! संगमेश्वरहून एसटीने आले, उतरल्यावर समुद्राचा खारा वारा लागला आणि हसूच आलं. आईने दिलेली तांदळाची पिठी, सुकट आणि एक उशी एवढा संसार घेऊन मी नोकरीला लागणार आहे.

खोली मांडवीच्या बाजूला मिळाली. चिऱ्याचं कौलारू घर, पुढे शेणाने सारवलेलं खळं, म्हणजे अंगण. मालकीण दमयंतीकाकी. त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे घरात बोलायला कुणी आलं याचाच आनंद जास्त. भाडं ठरवण्याआधी त्यांनी मला बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला. आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग म्हणाल्या की इतक्यात हात धुऊ नको, पोटभर जेव. आडनाव ऐकूनही वाढणं थांबलं नाही, तेव्हा मी धरलेला श्वास सोडला.

विनोदकाका, म्हणजे त्यांचे यजमान, बंदराकडच्या बर्फाच्या कारखान्यात आहेत. भयंकर लाजाळू माणूस. माझी बॅग वर नेऊन ठेवली आणि माझ्याकडे न बघताच खाली निघून गेले.

७ नोव्हेंबर

काम कळलं. आमची कंपनी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, एका छोट्या गाळ्यात. ती एक पेटी बनवते. बर्फाचे कारखाने, मासळीची शीतगृहं अशा ठिकाणी यंत्रात अमोनिया वायू असतो, तो गळला तर ही पेटी ओळखते आणि भोंगा वाजवते. पेटीतल्या सॉफ्टवेअरची चाचणी कशी घेतली, काय पास झालं, काय नापास, याची शेकडो पानं वर्डमध्ये लिहिलेली होती. ती एका प्रोग्रॅममधून काढून वेबपानं केली, आणि त्यात सगळा विचका झाला. मजकुराला टॅग असतात: इथून ठळक, इथे ठळक संपलं. एक टॅग बंद व्हायचा राहिला की पुढचं अख्खं पान ठळक होऊन बसतं. तक्ते फुटलेत, सहावी पायरी तिसरीच्या आधी आलीय. हे सगळं सारखं करायचं, हे माझं काम.

मला आवडतंय. तांदूळ निवडल्यासारखं आहे, मान खाली घालून बसलं की दिवस सरतो. नितेश सर, आमचे मालक, म्हणाले की माझ्या डोळ्यांना चूक दिसते. तपासणीचा प्रोग्रॅम शेवटी चुकांचा आकडा दाखवतो. सर तो मोठ्याने वाचतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज शून्य!

सकाळपासून सरांची घाई. संध्याकाळपर्यंत सगळी कागदपत्रं गिऱ्हाइकांकडे जायची होती, पेट्या त्या कागदपत्रांवरूनच बसवतात. आकडा मात्र खाली येईना. जुन्या फायलीत कुणीतरी लाल अक्षरांत टिपा लिहिल्या होत्या, त्यांना वेबपानं करणाऱ्या प्रोग्रॅमने भलतेच टॅग लावलेले. प्रत्येक टीप म्हणजे एक चूक. मग मला सुचलं: हा टॅग उघडतो तिथपासून बंद होतो तिथपर्यंत जे काही असेल ते शोध आणि काढून टाक, सगळीकडे एकदम.

बटण दाबण्याआधी एक टीप समोरच होती. वाचली. दमट जागी सेन्सरवर पाणी साचलं तर भोंगा वाजत नाही, चाचणी नापास, वरून झाकण बसवल्याशिवाय पेटी चालू करू नये. लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेलाय. मला वाटलं, जुनी गोष्ट असेल, दुरुस्त झाली असेल. सोमवारी सरांना विचारू.

दाबलं. शून्य. सरांनी सगळ्यांसाठी वडापाव मागवले आणि माझं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या. घरी येताना रिक्षात मी गुणगुणत होते.

२४ नोव्हेंबर

जेवताना विनोदकाका पहिल्यांदा आपणहून बोलले. कारखान्यात नवी पेटी बसली, आता गॅस गळला तरी भिऊ नका असं बसवणाऱ्याने सांगितलं म्हणे. मोबाइलवर फोटो दाखवला. भिंतीवर आमचीच पेटी. भिंत ओली, पाणी ओघळतंय. पेटीवर झाकण नव्हतं.

काकींनी अभिमानाने सांगितलं की ही आमच्या घरातल्या मुलीच्या कंपनीची. काका माझ्याकडे बघून हसले.

त्या सोमवारी विचारायचं राहूनच गेलं होतं. उद्या नक्की विचारते.

२५ नोव्हेंबर

सरांकडे पुण्याचे पाहुणे होते. उद्या.

२८ नोव्हेंबर

विचारलं नाही. विचारलं की उघडच होईल ना, टिपा कुणी काढल्या ते. आई फोनवर म्हणाली, पहिल्या पगारातून धाकट्याला बूट घे. काका खळ्यात बसून मासळीचं जाळं दुरुस्त करत होते. मी तोंडापर्यंत आलेलं गिळलं आणि वर आले.

२ डिसेंबर, मंगळवार

विनोदकाका गेले.

सकाळच्या पाळीत पाइप फुटला. बाकीचे दाराजवळ होते, ते पळाले. काका आत बर्फाच्या टाक्यांपाशी. भोंगा वाजलाच नाही. वाजला असता तर मागच्या दाराने सहज आले असते, असं सगळे म्हणत होते. काकी मला घट्ट धरून रडल्या. माझा खांदा भिजला. मीही रडले. मला रडायचा काय हक्क?

३ डिसेंबर

जुनी वर्डची फाइल उघडली. लाल ओळ तिथे आहे. अक्षर न् अक्षर.

६ डिसेंबर

आज सहा डिसेंबर. बाबा महापरिनिर्वाण दिनाला दादरला गेलेत. मी खोलीत फोटोपुढे मेणबत्ती लावली, हात जोडले, आणि काय म्हणावं ते सुचेना. खरं वागायचं शिकवणाऱ्यासमोर मी काय म्हणणार!

तशीच उठून नितेश सरांच्या घरी गेले आणि सांगितलं. टिपा न वाचता काढल्या, असं सांगितलं. तेवढं एक खोटं.

सरांनी दार लावून घेतलं. मग अगदी प्रेमाने बोलले. कारखान्यानेच पाइप जुने ठेवले होते. कागदावर माझं नाव कुठेच नाही. माझी पहिली नोकरी आहे, घरची परिस्थिती त्यांना माहीत आहे. हा विषय इथेच संपला, मी सुटले असं समजावं.

परत येताना मला हलकं वाटलं. ते हलकं वाटलं, त्याची लाज शब्दांत मावत नाही.

११ डिसेंबर

खोली सोडते म्हणाले तर काकी ऐकेनात. तू पण गेलीस तर मी भिंतीशी बोलू काय गो, म्हणाल्या. मी राहिले. त्या मला वाढतात. माझ्या पानात मोठा तुकडा टाकतात.

आज अर्धी सुट्टी घेतली होती. दुपारी काकी बाजारात गेलेल्या, लख्ख ऊन. खळ्यात कुणीतरी खोकलं. कोरडं, घसा खरवडून काढल्यासारखं. दार उघडलं तर कुणी नाही. उंबऱ्यापाशी ओलं होतं. हात लावला तर बर्फासारखं गार. आणि तो वास, नाकात झोंबणारा. डोळ्यांना पाणी आलं.

१३ डिसेंबर

पुन्हा. दुसऱ्या शनिवारची सुट्टी होती. दुपारीच.

जेवताना काकींना आडून विचारलं, काकांना खोकला होता का. त्या हसल्या, दोन तारखेनंतर पहिल्यांदाच. म्हणाल्या की खोकला कसला, घरात तरणी मुलगी राहायला आल्यापासून ते खळ्यात उभे राहून आधी खाकरायचे. तू आवरून बसावंस म्हणून. मगच आत यायचे.

मी पान तसंच टाकून उठले.

१६ डिसेंबर

ऑफिसात लाल टीप परत जागेवर घातली. टॅग नीट लावले. संध्याकाळी आकडा पुन्हा शून्य, टिपेसकट शून्य. इतकं सोपं होतं. त्या दिवशी अर्ध्या दिवसाचं काम होतं, बस.

१७ डिसेंबर

टीप गायब. सरांनी काढलीय. आकडा मात्र नेहमीसारखा मोठ्याने वाचला.

१८ डिसेंबर

काकी कामाला लागल्या. मासळीच्या शीतगृहात, कोळंबी सोलायला. डबा विसरल्या म्हणून ऑफिसला जाताना मी द्यायला गेले. ओल्या फरशीवर बायका ओळीने बसलेल्या. भिंतीवर आमची पेटी. झाकण नाही. वरून थेंब थेंब पाणी.

काकींनी डबा घेतला. बोटं गारठून पांढरी पडलेली. म्हणाल्या, "पोरी, तुझा हात असा गार का गो? माझ्याहून गार."

१९ डिसेंबर

आता खोकला जिन्यात येतो. भर दुपारी. ऑफिसला दांडी मारून मी कडी लावून बसते. आज दाराच्या आतल्या बाजूने दव धरलं, फक्त पंजाएवढ्या जागेवर. पाच बोटं. हळूहळू ओघळली.

मी दाराआडून म्हणाले, काका, सांगते, काकींना सगळं सांगते.

खोकला थांबला. पायऱ्या उतरल्याचा आवाज —

संध्याकाळी काकी आल्या. दमलेल्या. मी सांगितलं नाही.

२० डिसेंबर

जुनी फाइल सगळ्या गिऱ्हाइकांना मेल केली. झाकणाशिवाय पेटीवर विसंबू नका, टीप माझ्याकडून चुकून गळली, असं लिहिलं. चुकून. पुन्हा तेच.

सरांनी दुपारी मला कामावरून काढून टाकलं. ओरडले नाहीत. दार उघडून धरलं.

शीतगृहात फोन केला. मॅनेजर म्हणाला सोमवारी बघू. मी ओरडले, आत बायका बसतात. त्याने ठेवला.

काकींना उद्या कामावर जाऊ देणार नाही. काहीही झालं तरी.

२१ डिसेंबर, सकाळ

खोकला माजघरात. काकी चुलीपाशी होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्यांना ऐकू येत नाही? की —

२१ डिसेंबर, दुपार

सांगितलं. काकी तांदूळ निवडत होत्या, मी समोर बसले आणि सांगितलं. पेटी, टीप, शून्य, टाळ्या, सगळं. कामावर जाऊ नका म्हणून पाय धरले.

त्या निवडत राहिल्या. मग म्हणाल्या की त्यांना ठाऊक होतं. त्या पहिल्या दुपारी त्या बाजारातून परतल्या तेव्हाच काका बोलले. तू कधी सांगतेस याची वाट बघत होते दोघं.

दोघं.

मी म्हणाले, काकी, मी ती टीप वाचली नव्हती. शपथेवर सांगते.

खोकला. माझ्या अगदी पाठीशी.

काकींनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघितलं. ऐकत होत्या. बराच वेळ. मग मला म्हणाल्या, "ते म्हणतायत, वाचलं होतंस."

उठता येत नाही. पाय बधिर. वही मांडीवर होती, काकींनीच पेन हातात दिलं. लिही म्हणाल्या. तोंडाने सांगितलंस की खोटं सांगतेस.

वास — डोळे चुरचुरतायत. ओळी दिसत नाहीत नीट.

काकी त्यांना म्हणाल्या, बसा हो, उभे का, पोर काही परकी नाय. मला म्हणाल्या जरा सरक, त्यांना जागा दे.

सरकले.

डावा खांदा गार. आता दंड. गळ्यापाशी —

काकी रडत नाहीत. भाताला आधण ठेवतायत. तिघांचं —

श्वास आत जात नाही. काका, लिहिते, लिहिते ना. मला दिसलं होतं. अक्षर न् अक्षर. मला माहीत होतं मी काय पुसतेय. मी वाच